एक हजार सत्त्याऐंशी ओळी

"आणि या महिन्याचं पहिलं नाव," पडद्यावरून नोएलिया म्हणाली, "येरुती बेनेगास. एक हजार सत्त्याऐंशी ओळी. ग्वारानी भाषा एकसष्ट टक्क्यांवरून थेट चौऱ्याण्णववर. टाळ्या तर व्हायलाच हव्यात."

पडद्यावर वीस-बावीस चौकोन होते आणि प्रत्येकात एकेक चेहरा. सगळ्यांनी माइक बंद ठेवले होते, त्यामुळे नुसतेच हात हलताना दिसत होते. ऐकू येणारी टाळी एकच होती, ती माझ्या शेजारची. बसस्थानकाच्या तिकीटखिडकीत, आपल्या वेताच्या खुर्चीत बसून कराई एलिहिओ (कराई म्हणजे आमच्याकडे थोरामोठ्यांना म्हणायचं 'साहेब') माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. सगळ्यांचे हात थांबले तरी ते वाजवतच होते.

"काहीतरी बोल की," त्यांनी मला कोपराने ढोसलं. "एवढे लोक खोळंबलेत."

"थँक्यू," मी म्हणाले. "कराईंनीच शिकवलं मला."

"खोटं बोलते," कराई पडद्याकडे बघून हसले. "आता मीच हिच्याकडून शिकतोय."

माझे कान असे तापले, की त्यांवर कुणी मांडिओकाचा कंद भाजून घेतला असता.

आधीच सांगते, लाजणं हा माझा स्वभाव नाही. म्हणजे होता, मागच्या वर्षापर्यंत. फळ्यापाशी बोलावलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. पण या मार्चमध्ये आमच्या ग्वारानी भाषेच्या शालेय स्पर्धेत मी आख्ख्या जिल्ह्यात पहिली आले, गळ्यात पदक पडलं, आणि तेव्हापासून आई म्हणते की या पोरीला बंद करायचं बटणच उरलं नाही, नुसता भोंगा आहे. मला सगळं येतं असं वाटायला लागलं होतं. सोळाव्या वर्षी तसं वाटलं की फार छान वाटतं, चालतानासुद्धा पाय जमिनीला जरा कमीच लागतात.

तशी मी एकदा दुपारी सव्वाच्या बसची वाट बघत उभी होते, तेव्हा तिकीटखिडकीतून हाक आली. "ए पदकवाल्या पोरी. जरा इकडे ये. हे वाच आणि सांग, कळतंय का."

कराई एलिहिओ एकतीस वर्षं त्या खिडकीत बसतात. लग्न केलं नाही, बहिणीबरोबर राहतात, रोज तोच हिरवा स्वेटर. आमच्या गावात त्यांच्याबद्दल कुणी काही सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही नाही. पण अकरा वर्षांपूर्वी स्थानकावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात मुलानातवंडांनी दिलेले फोन दिसायला लागले, आणि जो तो खिडकीशी येऊन विचारायचा, एलिहिओ, हे काय म्हणतंय बघ. ते स्पॅनिशमध्ये म्हणत असायचं. कराई समजावून सांगायचे. मग त्यांना कुठूनसं कळलं की फोनमधला तो ब्राउझर, ज्यातून आपण सगळं जग उघडतो, तो बनवणारी कंपनी कुणालाही त्याचं भाषांतर करू देते. पगार नाही. काही नाही. एका संकेतस्थळावर ब्राउझरमधल्या मजकुराच्या ओळी असतात, आपण आपल्या भाषेत ओळ लिहायची, दुसऱ्या कुणी ती तपासून हिरवी खूण करायची, आणि पुढच्या आवृत्तीत ती लोकांच्या फोनवर जाते. कंपनीकडून त्यांना एकदा टी-शर्ट आला होता. तो एवढा मोठा होता, की बहिणीने त्याचा उशीचा अभ्रा केला.

हिरवी खूण कराईंना स्वतःलाही करता आली असती. बाकीच्या भाषांची माणसं करतात. नोएलिया कंपनीत या सगळ्या भाषांतर करणाऱ्यांचं बघते. ती दर महिन्याच्या बैठकीत विनवायची, "कराई, तुमचा हक्क आहे, मारा ना शिक्का." पण कराई आणि त्यांचे दोस्त, शाळामास्तर रुफीनो, यांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं की आपल्या ओळीवर आपण शिक्का मारायचा नाही. कराईंची ओळ रुफीनो तपासणार, रुफीनोंची कराई. चार वर्षांपूर्वी रुफीनो वारले. कराई लिहीत राहिले. ओळी साठत राहिल्या. कुणीतरी येईल आणि वाचेल म्हणून अकराशे चाळीस ओळी तिथे ताटकळत होत्या.

"पण तुम्हाला येतं ना नीट," मी विचारलं होतं. "मग करून टाका."

"आपणच शिजवायचं, आपणच चाखायचं, आणि आपणच वा वा म्हणायचं?" ते म्हणाले. "तू चाख."

त्यांनी नोएलियाला पत्र लिहिलं. माझ्यापेक्षा या मुलीची नजर धारदार आहे, असं त्यात होतं. मी ते वाचलं तेव्हा आणखी दोन इंच वर तरंगले. नोएलियाने मला चाचणी म्हणून दहा ओळी दिल्या, मग तपासनिसाचा हक्क दिला, आणि आम्ही शनिवारी-शनिवारी बसायला लागलो.

आता कराईंची पद्धत ऐका. ते ओळ मला दाखवायच्या आधी खिडकीबाहेरच्या माणसांना वाचून दाखवायचे. त्यातल्या मुख्य न्यायाधीश म्हणजे लिब्राडा, आमच्याकडच्या मानाने न्या लिब्राडा, म्हणजे लिब्राडाबाई. डोक्यावर चिपाची, म्हणजे चीजच्या छोट्या पावांची, टोपली घेऊन ती सकाळपासून बसच्या दारांशी फिरते.

"न्या लिब्राडा, फोनवर असं आलं तर काय करशील? 'ही वाट उघडी आहे. तुम्ही जे बोलाल ते मधेच कुणीही ऐकू शकतं.'"

"मी काय करणार. गप्प बसेन," ती म्हणाली. "आणि चिपा विकेन."

"बघ, कळलं तिला," कराई मला म्हणाले. "कर हिरवी."

पण प्रत्येक ओळीला इतकं सोपं नव्हतं. कुणी म्हणायचं कळलं नाही, मग कराई ओळ बदलायचे. कुणी आपल्या मेव्हण्याची गोष्ट सांगायला लागायचं. मधेच कारापेग्वाची बस यायची. तीन शनिवारांत आमच्या त्रेपन्न ओळी झाल्या. आणि तेव्हाच कंपनीची सूचना आली, की ऑगस्टअखेर ज्या भाषेचं मंजूर काम ऐंशी टक्के नसेल, ती मुख्य यादीतून बाहेर. म्हणजे फोनवर भाषा निवडायला जाल तर तिथे ग्वारानी दिसणारच नाही. मी हिशेब केला. या चालीने अजून बासष्ट शनिवार लागणार होते. हातात होते पाच.

"होईल," कराई म्हणाले. "जेवढं होईल तेवढं नीट होईल."

मला तो धीर बघवत नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या ओळीही मला पसंत नव्हत्या. ती तर बाजारातली भाषा. निम्मं घरातलं, निम्मं रस्त्यावरचं, मधेच स्पॅनिशचा खडा. शाळेत असं लिहिलं असतं तर बाईंनी लाल पेनाने पान रंगवलं असतं. मला पदक मिळालं होतं ते शुद्ध भाषेचं.

एका मंगळवारी भौतिकशास्त्राचे सर आले नाहीत आणि आम्हाला संगणकाच्या खोलीत बसवलं. मी कंपनीचं संकेतस्थळ उघडलं. कराईंच्या उरलेल्या सगळ्या ओळी निवडल्या. एक बटण दाबून नाकारल्या. मग भाषांतर करणाऱ्या मशीनमधून सगळा मजकूर काढला, माझ्या नावाने चिकटवला, आणि माझ्याच ओळींवर मीच हिरवी खूण केली. तास संपायच्या आत. शेजारी बसलेली मैत्रीण गाणी ऐकत होती, तिला पत्ताही लागला नाही.

तुम्ही म्हणाल, कराईंच्याच ओळी न वाचता मंजूर केल्या असत्या तरी भाषा वाचली असती. हो. ते मला तेव्हाही माहीत होतं. पण मग महिन्याच्या मानकऱ्यांच्या पाटीवर नाव त्यांचं राहिलं असतं. मी दुसरी कारणं शोधून बघितली आहेत, बरीच शोधली, पण शेवटी हे एकच हाती लागतं.

तर ती टाळ्यांची बैठक गुरुवारी झाली, आणि लगेचच्या शनिवारी मी स्थानकावर गेले. जायचं नव्हतं, मधले शनिवार परीक्षेचं निमित्त करून चुकवलेही होते, पण आता न जाण्याला कारण काय सांगणार. नवी आवृत्ती आदल्याच दिवशी लोकांच्या फोनवर पोचली होती. उत्तरेचा गरम वारा सुटला होता. असा वारा असला की आमच्याकडे माणसं उगाच भांडतात. न्या लिब्राडाने मला बघितल्याबरोबर टोपलीतला चिपा काढून हातात कोंबला.

"खा. चॅम्पियन आहेस म्हणे. एलिहिओ दोन दिवस बसड्रायव्हरांनासुद्धा सांगतोय." मग ती खिडकीकडे वळली. "एलिहिओ, माझा फोन आजारी आहे."

"काय होतंय त्याला?"

"माझ्याच भाषेत बोलतो, पण पाद्र्यासारखा. हे बघ."

कराईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि मोठ्याने वाचलं. "'प्रस्तुत संयोग असुरक्षित असल्याकारणाने गोपनीयतेची शाश्वती प्रदान करता येत नाही.'"

रांगेतला एक माणूस म्हणाला, "आमेन."

लोक हसले. कराई हसले नाहीत. त्यांनी ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात.

"नात म्हणते, आजी, तू आपलं स्पॅनिशच कर," न्या लिब्राडा म्हणाली. "स्पॅनिश निदान अर्धं कळतं. देतोस करून? मला ते कुठे दाबायचं कळत नाही."

"थोडे दिवस थांबतेस? सवय होईल."

"माझं वय काय, एलिहिओ? आता कसली सवय करू?"

त्यांनी फोन घेतला. ग्वारानी यायच्या आधीपासून तिचे फोन तेच लावून देत आले आहेत. आज त्यांनीच यादी उघडली, बोटाने वर सरकवली, आणि स्पॅनिशवर बोट टेकवलं. फोन परत देताना म्हणाले, "तुझा दोष नाही. माझंच काहीतरी चुकत आलंय. शिकतोय मी."

"तुझं कसलं चुकतंय," ती म्हणाली, टोपली डोक्यावर ठेवली, आणि कीइंदीच्या बसकडे गेली.

हातातला चिपा मी दप्तरात ढकलला.

"बरं झालं आलीस," कराई मला म्हणाले. "मला तुला एक विचारायचंच होतं." त्यांनी खण उघडून एक वही काढली. पट्टीने आखलेले तीन रकाने. अक्षर तिकिटावरच्या शिक्क्यासारखं एकसारखं. "त्या मंगळवारी मला कंपनीचा निरोप आला. तुमच्या एक हजार सत्त्याऐंशी ओळी नाकारल्या, म्हणून. आधी जरा लागलं मनाला. मग म्हटलं, आपणच म्हणालो ना की चाख म्हणून. तर बसून एकेक उतरवून काढतोय. इकडे माझी ओळ, मधे तुझी, आणि इथे माझं काय चुकलं ते."

मी तिसरा रकाना वाचला.

'मी फार बोलतो. वाचणारा घाईत असतो.'

'मशीनला वाट, घर असले शब्द शोभत नाहीत.'

'पोरकट.'

'पुन्हा तेच. अकरा वर्षं हीच चूक करत आलो असणार.'

'रुफीनो असता तर त्याने इथे थांबवलं असतं.'

"दोनशे चौदापर्यंत पोचलोय," कराई म्हणाले. "पण एकशे नव्वदपाशी अडलो. तुझी ओळ मला कळलीच नाही. बरोबर असणार, पण कळेना. जरा समजावून सांगतेस? म्हणजे पुढच्या वेळी माझ्याकडून होणार नाही."

मी एकशे नव्वदावी ओळ वाचली. परत वाचली. जिल्ह्यात पहिली आलेली मी, मला त्यातला एक शब्द माहीत नव्हता आणि बाकीच्यांचा एकमेकांशी संबंध लागत नव्हता.

"मलापण नाही कळत, कराई," मी म्हणाले.

"तूच तर लिहिलीस."

"मी नाही लिहिली. मशीनने लिहिली. या सगळ्याच मशीनच्या आहेत. मी नुसत्या चिकटवल्या."

त्यांनी चष्मा काढून स्वेटरच्या टोकाला पुसला.

"आणि हिरवी खूण?"

"मीच केली."

"बरं," ते म्हणाले. मग चष्मा परत चढवत, "आणि माझ्या? माझ्या वाचल्यास ना?"

"नाही."

"थोड्यातरी वाचल्या असशील."

"एकही नाही, कराई."

खिडकीत हात आला. "कारापेग्वा, दोन." कराईंनी दोन तिकिटं फाडली आणि तीन नंबरवर लागते असं सांगितलं. त्या माणसाला सामान वर टाकायचं होतं, तर कंडक्टरला हाक मारून दिली. सगळं रोजच्यासारखं. मग माझ्याकडे वळून, पण माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाचून नाकारल्या असत्यास तर बरं झालं असतं."

मी घाईघाईने बोलायला लागले. मला तेवढंच येतं. "कराई, अजून वेळ आहे. सोमवार शेवटचा दिवस आहे. मी आत्ताच्या आत्ता माझ्या काढते, तुमच्या परत आणते आणि सगळ्या मंजूर करते. दहा मिनिटांचं काम आहे. चौऱ्याण्णव टक्के राहतील. नाव तुमचं येईल. कुणाला कळणारपण नाही."

"वाचून?"

"वाचायला कुठे वेळ आहे?"

"मग नको."

"पण भाषा यादीतून जाईल, कराई. तुमची अकरा वर्षं."

"त्यातल्या कितीतरी चुकीच्या असतील," ते म्हणाले. "चार वर्षं कुणी बघितलेलं नाही. न बघताच पाठवायच्या असत्या तर मीच नसत्या पाठवल्या?"

मी त्यांचा संगणक मागितला. त्यांनी तो माझ्याकडे फिरवला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून बसले. बैठकीतली सगळी माणसं जिथे एकमेकांशी बोलतात तिथे मी लिहिलं. काय केलं ते, केव्हा केलं ते, आणि का केलं तेसुद्धा. 'का' लिहायला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला. तीनदा पुसलं. शेवटी लिहिलं की मला पाटीवर माझं नाव हवं होतं. माझ्या ओळी काढा आणि माझा हक्कही काढून घ्या, असं लिहून पाठवून दिलं.

तासाभरात नोएलियाचं उत्तर आलं. "येरुती, मोकळेपणाने सांगितल्याबद्दल मनापासून आभार. चुका आपण सगळेच करतो. तुझ्या ओळी मागे घेतल्या आहेत आणि कराईंच्या पुन्हा तपासणीच्या रांगेत ठेवल्या आहेत. त्यामुळे ग्वारानी सध्या एकसष्ट टक्के होते, आणि सोमवारी मुख्य यादीतून बाहेर जाईल. चाचणीच्या आवृत्तीत राहील. तू आमच्या परिवाराचा भाग आहेस." खाली गुरुवारी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी सहा-सात जणांनी हृदयाची चित्रं टाकली होती. कुणी एक शिवी दिली असती तर मला बसायला जागा मिळाल्यासारखं वाटलं असतं.

"काय म्हणते?" कराईंनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. एकसष्टपाशी माझा आवाज गेला. तो भोंगा, बिनबटणाचा, गेला तो गेलाच. पुढचं त्यांनी स्वतः वाचलं.

"ठीक आहे," ते म्हणाले.

मला वाटलं आता ते मला जा म्हणतील. मी दप्तरपण उचललं होतं. पण त्यांनी वही पुढे ओढली, पहिलं पान उघडलं आणि खणातून पट्टी काढली. खिडकीतून आलेल्या वाऱ्याने पान उलटलं. त्यांनी परत सरळ केलं, ते परत उलटलं.

"पान धर," ते म्हणाले.

मी दप्तर खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी पान दाबून धरलं. त्यांनी तिसऱ्या रकान्यात पट्टी लावली आणि 'मी फार बोलतो' यावर एक सरळ रेघ ओढली. पट्टी खाली सरकवली. दुसरी रेघ. शाई ओली असायची, म्हणून ती वाळेपर्यंत थांबायचे आणि मगच पट्टी पुढे न्यायचे. अशा दोनशे चौदा.

मी समोरच्या बाजूला उभी होते, त्यामुळे वही मला उलटी दिसत होती. पहिल्या रकान्यात त्यांच्या ओळी होत्या. उलट्या अक्षरांतून मी एकेक लावत गेले. 'तुम्ही मागितलेलं पान इथे नाही. कदाचित ते दुसरीकडे राहायला गेलं असेल.' त्याच्या खाली, 'हे पुसलंत तर परत येणार नाही. खात्री आहे ना? घाई नाही, सावकाश ठरवा.'

चांगल्या होत्या. ते मी त्यांना सांगणार होते, तोंडही उघडलं होतं. पण त्यांनी पट्टी खाली घेतली, आणि मी माझे हात पट्टीला जागा होईल एवढे बाजूला सरकवले.